बँजो, डॉल्बी आणि वरातीतलं बिनशब्दांचं गाणं

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. सवडीने वाचा.

आपल्याकडे ज्याला बँजो म्हणतात तो बँजो नाही. 'नागिन'च्या ज्या धूनवर अख्खी वरात रुमाल तोंडात धरून जमिनीवर लोळते, त्यातली बीन ही बीन नाही. आणि मिरवणुकीत ज्याला आपण डॉल्बी म्हणतो त्याचा डॉल्बी कंपनीशी काडीचा संबंध नाही. तीन चुकीची नावं, आणि गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांतलं आपलं रस्त्यावरचं संगीत जवळपास या तीन नावांत बसतं. त्यातला मधला तुकडा, म्हणजे बँजो पार्टी, आपल्या डोळ्यांदेखत संपत चाललाय. त्यावर कुणी बातमी करत नाही. मीही केली नव्हती, म्हणून इथे लिहितोय.

आधी हा विषय आत्ताच का निघाला ते सांगतो. वार्ताहर म्हणून शांतता समितीच्या बैठकांना बसून बसून माझी अर्धी हयात गेली. गणपती आला, जयंती आली, यात्रा आली की बैठक. तिथे दरवर्षी दोन बाजू असतात. एक म्हणते डीजे बंद करा, पारंपरिक वाद्यं वाजवा. दुसरी म्हणते पोरांचा उत्साह मारू नका. पारंपरिक वाद्यं म्हणजे काय हेही ठरलेलं आहे : हलगी, सनई-चौघडा, ढोल-ताशा, आणि आपल्या सोलापूरची लेझीम. बँजो पार्टीवाला या दोन्ही बाजूंत बसत नाही. सिनेमाची गाणी वाजवतो आणि भोंग्यातून वाजवतो, म्हणून तो पारंपरिक नाही. पण गाणं मात्र जिवंत माणसं वाजवतात, पेनड्राइव्ह नाही, म्हणून तो डीजेही नाही. बैठकीच्या इतिवृत्तात त्याला रकानाच नसतो.

आता मूळ गोष्ट.

खरा बँजो अमेरिकेतला. त्याहीआधी आफ्रिकेतला. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत भोपळ्याला कातडं मढवून, दांडा लावून जे वाद्य केलं त्याचा हा वंशज. पुढे गोऱ्यांनी तो उचलला, त्यावर तमाशे केले, कारखान्यात बनवला, आणि शंभर वर्षांत लोक विसरूनही गेले की हे कुणाचं होतं. 1940 च्या दशकात केंटकीचा बिल मन्रो आपल्या 'ब्लू ग्रास बॉइज' या पार्टीबरोबर एक वेगळं खेडवळ संगीत वाजवत होता. 1945 च्या अखेरीस त्यात अर्ल स्क्रग्ज नावाचा पोरगा आला. तो उजव्या हाताची तीन बोटं अशी फिरवायचा की सूर नुसते ओसंडायचे. त्या पार्टीच्या नावावरूनच पुढे या संगीताला ब्लूग्रास म्हणायला लागले. बँजो, फिडल म्हणजे व्हायोलिन, मँडोलिन, गिटार आणि उभा बास. वीज नाही, ढोल नाही.

या ब्लूग्रासवाल्यांनी गेल्या तीसेक वर्षांत एक मजेशीर उद्योग केलाय. रॉकची गाजलेली गाणी घ्यायची, म्हणजे ज्यांच्या मैफलीत इलेक्ट्रिक गिटार कानठळ्या बसवतात त्यांची, आणि ती लाकडी वाद्यांवर वाजवायची. 'पिकिन ऑन' नावाची त्यांची अख्खी मालिका आहे, त्यात बरंचसं नुसतं वादन, शब्द नाहीत. अलाबामाच्या 'आयर्न हॉर्स' पार्टीने 2003 साली मेटॅलिका या दणदणीत बँडची गाणी अशीच ब्लूग्रासमध्ये काढली, ती मात्र गाऊन. मी पहिल्यांदा असलं वादन ऐकलं तेव्हा मला अमेरिका आठवली नाही, आमच्या अक्कलकोट रोडवरची वरात आठवली. गाणं सगळ्यांना पाठ, शब्द वाजवणाऱ्याकडे नाहीत, ऐकणाऱ्याच्या डोक्यात आहेत. मामला तोच.

पण आपला बँजो त्या घराण्यातला नाही. तो जपानी आहे. 1912 साली नागोया शहरात मोरिता गोरो या माणसाने 'ताइशोगोतो' नावाचं वाद्य काढलं. लाकडाची लांबट पेटी, वर तारा, आणि डाव्या हाताला टाइपरायटरसारखी बटणं. बटण दाबलं की तार योग्य जागी दाबली जाते, उजव्या हाताने ती छेडायची. सुराची जागा शोधायला बोट तयार करावं लागत नाही. त्यामुळे सतार शिकायला जी वर्षं लागतात ती इथे लागत नाहीत, गरिबाच्या पोराला कामावरून येऊन रात्री शिकता येतं. ते वाद्य बोटीबरोबर आशियाभर पसरलं. आपल्याकडे त्याला बुलबुलतरंग हे फार सुंदर नाव मिळालं, पण ते दुकानात राहिलं. रस्त्यावर 'जपानी बँजो' चाललं, आणि मग त्यातलं जपानीही गळालं.

एक योगायोग मला आवडतो. अमेरिकन बँजोला एक आखूड पाचवी तार असते, ती बहुतेक वेळ एकच सूर धरून वाजत राहते. बुलबुलतरंगालाही चालीच्या तारांशेजारी नुसता सूर धरणाऱ्या तारा असतात, आपल्या तुणतुण्यासारख्या. आणि दोघांची अडचणही एकच. छेडलेली तार लगेच विझते. गायक सूर लांबवू शकतो, बँजोवाला नाही. मग स्क्रग्जने मधली रिकामी जागा तीन बोटांच्या फिरकीने भरली, आणि आपल्या बँजोवाल्याने उजवा हात थरथरवून भरली. लांब सूर आला की तो पट्टी इतकी भराभर चालवतो की तार एकसलग रडल्यासारखी वाटते. लताबाईंचं गाणं बँजोवर ऐकलं असेल तर ती थरथर तुम्हाला माहीत आहे. ती नक्कल नाही, अडचणीतून काढलेली वाट आहे.

वाद्यांची नावं चुकण्याचा प्रकार काही बँजोपुरता नाही. 1954 च्या 'नागिन'ला संगीत हेमंतकुमारांचं. त्यातली बीन वाजवली कल्याणजींनी, तेच पुढचे कल्याणजी-आनंदजीमधले, आणि वाजवली ती क्लॅव्हियोलिन या विजेवरच्या फ्रेंच वाद्यावर. साथीला रवी यांची हार्मोनियम. म्हणजे गारुड्याची म्हणून जी धून आपल्या खेड्यापाड्यांत पोचली ती जन्मालाच विजेवर आली होती. ब्रास बँडवाल्यांनी ती क्लॅरिनेटवर घेतली, बँजोवाल्यांनी तारेवर, आणि आता तर गारुडीही पुंगीवर तीच वाजवतात. अस्सल काय आणि उसनं काय, हे रस्त्यावर ठरवायला गेलात तर डोकं फुटेल.

बँजो पार्टीचं खरं वैभव मुंबईच्या गिरणगावात आणि कोकणात. गणेशोत्सव मंडळं, चाळी, गिरणीतले कामगार. पण आपल्याकडेही ती आली, आणि लग्नसराईत बरी रुजली. एक बँजो, जोडीला कॅसिओ, नंतर ऑक्टोपॅड, बाजूला ताशा, ढोल, झांज. टेम्पोवर किंवा हातगाडीवर अँप्लिफायर आणि भोंगे. दिवसा हीच माणसं कुणी यंत्रमागावर, कुणी रिक्षावर, कुणी रंगकामाला. 2016 साली रवी जाधव यांनी रितेश देशमुखला घेऊन 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा काढला, तेव्हा चार दिवस या लोकांची चर्चा झाली. पुढे काय, काही नाही.

आता कुंभारीबद्दल.

बाहेरच्यांसाठी : कुंभारी म्हणजे सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचं, दक्षिण सोलापूर तालुक्यातलं गाव. शेजारी कॉम्रेड गोदूताई परुळेकर विडी कामगारांची वसाहत, दहा हजार घरांची, जी 2006 साली कामगार बायांच्या ताब्यात आली. मग रे नगर, तीस हजार घरांचा प्रकल्प, त्यातल्या पहिल्या पंधरा हजारांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. आडम मास्तरांनी यासाठी किती वर्षं आंदोलनं केली ते सोलापूरकरांना सांगायला नको. सांगायचं ते वेगळंच आहे. इथे एका गल्लीत तेलुगू बोलणारं पद्मशाली घर, पुढे उर्दू बोलणारं, पलीकडे कन्नड, मग मराठी. गावठाणात तर कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात येतात.

अशा गल्लीत वरात निघाली की गाणं कुठल्या भाषेतलं लावायचं हा प्रश्न असतो. डीजेवर तो भांडणाचा प्रश्न होतो. एक गट म्हणतो तेलुगू लाव, दुसरा म्हणतो काय बे, आमचं पण लाव की. बँजोवर हे फारसं होत नसे. कारण तारेला भाषा नसते. चाल तेलुगू सिनेमातली असली तरी नाचणाऱ्याला ती हिंदी रिमेकमधली म्हणून माहीत असते, आणि ज्याला दोन्ही माहीत नाहीत त्याला ताशा माहीत असतो. एका चालीतून दुसरीत जाताना वादक मध्ये श्वासही घेत नाही, भक्तिगीतातून कोळीगीत, त्यातून 'नागिन'. ही जोडणी कुणी लिहून ठेवलेली नाही. पुढच्या चौकात कोण उभं आहे हे बघून वादक ती जागच्या जागी करतो.

'झिंगाट'चं उदाहरण घ्या. 'सैराट' 2016 चा, नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातले, करमाळ्याच्या जेऊरचे. संगीत अजय-अतुल यांचं. या सिनेमातलं वाद्यवृंदाचं संगीत हॉलिवूडच्या स्टुडिओत जाऊन रेकॉर्ड केलं, त्याच्या केवढ्या बातम्या झाल्या. पण 'झिंगाट'चा ठेका मुळात कुठला? तो आपल्या वराती-मिरवणुकीचाच. रस्त्यावरनं गेलेलं गाणं पडद्यावरनं फिरून परत रस्त्यावर आलं, आणि त्या उन्हाळ्यात प्रत्येक बँजोवाल्याला ते वाजवावंच लागलं. फक्त यातला एकच टप्पा रेकॉर्डवर आहे, मधला.

इथे कायदा येतो. हा भाग रुक्ष आहे पण पोस्टचा मुद्दा इथेच आहे.

अमेरिकेत 1909 च्या कायद्यापासून अशी सोय आहे की एकदा गाणं रेकॉर्ड होऊन बाजारात आलं की दुसरा कुणीही ठरलेली रॉयल्टी भरून ते आपल्या पद्धतीने रेकॉर्ड करू शकतो. परवानगीसाठी पाया पडावं लागत नाही. जितक्या प्रती, तितके पैसे. त्यामुळे अलाबामाची एखादी छोटी पार्टी मेटॅलिकाचं गाणं बँजोवर काढून त्यावर स्वतःचं नाव छापू शकते. मूळ गाणं रचणाऱ्यालाही पैसे मिळतात.

आपल्या कॉपीराइट कायद्यातही 2012 पासून कलम 31 सी आहे. मूळ रेकॉर्डिंग झालं त्या वर्षानंतर पाच वर्षं थांबायचं, आणि रॉयल्टी किमान 50,000 प्रतींची, दरवर्षी, प्रत्येक गाण्याची भरायची. पन्नास हजार प्रती! कुंभारीच्या किंवा अक्कलकोटच्या पार्टीने आपल्या दहा गाण्यांची सीडी कायदेशीर काढायची म्हटली तर टेम्पो विकावा लागेल. हे कलम मोठ्या कंपन्यांनी स्वस्तात कव्हर व्हर्जन काढून मूळ कलावंतांना बुडवलं त्यावर उपाय म्हणून आलं, हेतू वाईट नव्हता. पण लहान माणसाच्या तोंडावर दार बंद झालं हेही खरं. मोबाइलवर वादनाचा व्हिडिओ टाकला तर यूट्यूबवर कंपनीचा हक्क लागू शकतो, मग त्या व्हिडिओच्या जाहिरातीचे पैसे कंपनीकडे. वादक हातात काय घेऊन राहतो? लाइक्स.

याउलट त्याच कायद्यात एक कलम वाचून मला हसू आलं होतं. कलम 52, त्यातलं एक उपकलम. धार्मिक समारंभात गाणं वाजवलं तर तो हक्कभंग नाही, आणि खाली स्पष्टीकरणात चक्क लिहिलंय की धार्मिक समारंभात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर सोहळे धरावेत. देशाच्या कायद्यात वरातीचा उल्लेख! 2023 साली केंद्र सरकारने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थांना हेच परत आठवण करून दिलं.

म्हणजे बँजोवाल्याचा हिशोब असा झाला : सीडीवर वाजवायचं तर परवडत नाही, मोबाइलवर वाजवायचं तर पैसे दुसऱ्याचे, बिनघोर वाजवायला एकच जागा उरली, रस्ता. आणि रस्त्यावर डॉल्बी आला.

डॉल्बी या शब्दाचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. रे डॉल्बी या अमेरिकन इंजिनियरने 1965 साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर घालवायला. नको असलेला आवाज कमी करणं हा त्या कंपनीचा पहिला धंदा. तिचं नाव आपण कुठल्या वस्तूला दिलं बघा.

स्पीकरच्या भिंतीपुढे बँजो टिकणं शक्यच नव्हतं. आठ माणसांची पार्टी म्हणजे आठ मजुऱ्या, आठ जेवणं, आठ जणांचे रुसवे. डीजे म्हणजे एक ऑपरेटर आणि दोन पोरं. शिवाय तरुण पोरांना छातीत दणका हवा असतो, तो तारेतून येत नाही. अर्ध्याअधिक पार्ट्या अशाच मोडल्या, कुणी बंदी घातली म्हणून नाही. वादक परत मागावर गेले, काही त्याच डीजेच्या गाडीवर वायरी ओढायला लागले. बँजो पेटीत.

आणि मग उरलेल्यांना नियमाने गाठलं. 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम : निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. बाजारपेठेत 65 आणि 55. डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नसतं. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दहापट होते. वीस वाढले की शंभरपट. म्हणून 75 आणि 95 मध्ये 'थोडाच फरक' असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. 2010 च्या दुरुस्तीत रात्री दहानंतरच्या बंदीत लाउडस्पीकरच्या जोडीला वाद्यांचाही शब्द घातला. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. ऑगस्ट 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे सगळं काटेकोर पाळा म्हणून सविस्तर निकाल दिला.

मी या नियमांच्या बाजूचा आहे, हे स्पष्ट लिहितो. रुग्णालयासमोर राहणाऱ्याला आणि तान्ह्या बाळाच्या आईला विचारा डॉल्बी म्हणजे काय. आणि बँजो पार्टीही काही फार सोज्वळ नव्हती. चार भोंगे लावून 55 डेसिबलच्या आत कुणी वाजवत नाही. पण नियम फक्त आवाज किती ते मोजतो. तो कुठून आला, माणसाच्या हातातून की यंत्रातून, हे मोजत नाही. ते त्याचं कामही नाही. मग ते काम कुणाचं?

सांस्कृतिक खात्याचं म्हणाल तर ज्येष्ठ कलावंतांना मानधनाची योजना आहे, आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने. 2024 पासून महिन्याला 5,000 रुपये, वय पन्नासच्या वर. अर्जासोबत कलेतल्या कामाचे पुरावे जोडायचे. भजनी मंडळाकडे पत्रिका असते, तमाशा कलावंताकडे पोस्टर असतं, पोवाडेवाल्याकडे कात्रण असतं. बँजोवाल्याकडे काय असेल? लग्नपत्रिकेत बँडवाल्याचं नाव छापत नाहीत. वाजवलेली गाणी दुसऱ्याची. रेकॉर्डिंग नाही, आणि ते का नाही ते वर लिहिलंय. तीस वर्षं रोज दोन हजार माणसांसमोर वाजवलेल्या माणसाकडे आपण वाजवत होतो याचा एक कागद नाही. आमच्या पेपरच्या जुन्या फायली मी चाळल्या. मिरवणुकांच्या फोटोंत टेम्पो दिसतो, भोंगा दिसतो, फोटोओळीत मंडळाच्या अध्यक्षांचं नाव.

याच वाद्याची गोष्ट सीमेपलीकडे वेगळी घडली. कराचीच्या बंदरातून ते बलुचिस्तानात गेलं, तिथल्या कारागिरांनी ते मोठं केलं, नाव बेंजू ठेवलं, आणि बिलावल बेल्जियमसारख्या उस्तादांनी ते रेडिओवर नेलं. आज बलुची संगीत म्हटलं की बेंजू येतोच, त्याचा जपानी जन्म कुणी काढत नाही. त्यांनी त्यावर आपल्या लोकधुना वाजवल्या म्हणून ते लोकवाद्य झालं. आपण त्यावर सिनेमाची गाणी वाजवली म्हणून ती 'पार्टी' राहिली. आपल्याकडची कसोटी जुनीच आहे. हार्मोनियमला आकाशवाणीने 1940 पासून तीस वर्षं दार बंद केलं होतं, परदेशी आहे आणि मींड येत नाही म्हणून. हार्मोनियम निदान देवळात होती, कीर्तनकारांच्या मांडीशी होती, टिकली.

यावर कुणी म्हणेल की लोकांनाच नको असेल तर कोण काय करणार. बरोबर आहे, बाजार बाजारच असतो. पण आता पुढच्या मोसमात डीजेवर निर्बंध येतील तसतसं मंडळांना आणि वधूपित्यांना दुसरं काहीतरी लागणारच आहे. प्रत्येक गल्लीत पन्नास ढोलांचं पथक परवडत नाही, आणि पन्नास ढोल म्हणजे शांतता असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा पथकासमोर उभं राहावं. भोंगा एकच ठेवून, तोही खालच्या आवाजात, बँजो, ताशा आणि झांज एवढ्यावर वरात छान निघते. आपल्या पंचक्रोशीत असं वाजवू शकणारी माणसं अजून आहेत. चाळिशी-पन्नाशीतली आहेत, हात अजून चालतात.

म्हणून पुढच्या शांतता समितीच्या बैठकीत मी बातमीदाराच्या खुर्चीवरनं उठून एक मागणी करणार आहे, पटली तर तुमच्या गावातही करा. मिरवणुकीच्या परवानगी अर्जात वाहनाचा नंबर विचारतात, स्पीकर किती ते विचारतात, अध्यक्षाचा मोबाइल विचारतात. त्यात आणखी एक रकाना घाला : प्रत्यक्ष वाजवणारी माणसं किती, आणि त्यांची नावं. मंडळाची प्रत मंडळाला द्या, एक प्रत पार्टीला द्या, शिक्क्यासह. मानधनाच्या अर्जाला तोच कागद जोडता येईल.

खर्च काही नाही. अर्ज आता बहुतेक ठिकाणी ऑनलाइनच भरतात.